28 पैकी 22

मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालोय तिथे तो कुणाकडेच नाही, आणि पुढचे दोन तास तुम्हाला दोन्ही हात मोकळे लागणार आहेत. 1985 सालचा 1 एप्रिल, सोमवारची रात्र. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन शहरात, कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी रप अरीनाच्या जिन्यावर गर्दीचा रेटा तुम्हाला वर ढकलतोय. पाय उचलायचीही गरज नाही.

आत शिरताच आधी वास येतो. पॉपकॉर्न, त्यावरचं गरम लोणी, हॉट डॉग, घामेजलेले कोट. मग ऊब. सुमारे 23 हजार माणसं एका छपराखाली बसली आहेत. तुमची जागा बरीच वर आहे, तुमचे गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकलेत, आणि कॉलेजच्या बँडमधला मोठा ढोल कानापेक्षा बरगड्यांत जास्त वाजतोय. शेजारच्या काकांनी न विचारताच पॉपकॉर्नचा डबा तुमच्यापुढे धरलाय. घ्या थोडे. आज त्यांना ते संपवायचं भान राहणार नाही.

खाली बघा. तो जर्सीच्या आत टी-शर्ट घातलेला सात फुटी पॅट्रिक ईविंग, जॉर्जटाउनचा. गतविजेता संघ आहे हा. बाकासमोर खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभे असलेले धिप्पाड गृहस्थ म्हणजे त्यांचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन. पलीकडे दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक, बुटके रॉली मॅसिमिनो येरझाऱ्या घालताहेत. सामना संपेपर्यंत त्यांच्या सुटाची इस्त्री राहायची नाही. त्यांचा व्हिलानोव्हा या मोसमात दहा सामने हरून इथे आलाय. त्यातले दोन याच जॉर्जटाउनकडून.

काका मान हलवतात. पोरं चांगली आहेत, पण आज धडगत नाही, असं त्यांचं मत. हॉलमधल्या बहुतेकांचं तेच.

चेंडू उडतो. बुटांची करकर इतक्या वरपर्यंत ऐकू येते. जॉर्जटाउनचे खेळाडू कोर्टच्या त्या टोकापासूनच अंगावर येतात, चेंडू घेतलेल्याला श्वास घेऊ देत नाहीत. व्हिलानोव्हाचा गॅरी मॅक्लेन वाकून, पाठ मध्ये घालून, ड्रिबल करत त्या गराड्यातून चेंडू पलीकडे नेतो. आणि मग? मग काहीच नाही. पास. परत पास. कोपऱ्यात, मध्ये, पुन्हा कोपऱ्यात. तुमच्या तोंडून नकळत निघतं, अरे टाक ना एकदाचा!

तो टाकणार नाही. या स्पर्धेत अमुक सेकंदांत चेंडू बास्केटकडे मारलाच पाहिजे असं सांगणारं घड्याळ नाही. कबड्डीत आघाडीवरचा संघ चढाईत वेळ काढतो ना, तसं इथे सगळा संघ मिळून वेळ काढू शकतो. मला विचाराल तर या स्पर्धेची सगळी मेख इथे आहे. बाद फेरीत बलाढ्य संघाला रोज हरवायचं नसतं, एकदाच हरवायचं असतं, आणि सामन्यात संधी जितक्या कमी तितकं ताकदीचं पारडं हलकं. अंतिम फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत व्हिलानोव्हानं एकाही प्रतिस्पर्ध्याला 55 च्या वर जाऊ दिलेलं नाही. मेरीलँडला तर 46-43 असं हरवलंय. दिसायला हे रटाळ असेल, पण त्यामागे चार-चार वर्षं एकत्र खेळलेली पोरं आहेत. कोण कधी मोकळा होणार हे त्यांना न बघता कळतं.

मध्यंतराला 29-28. व्हिलानोव्हा पुढे! काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीय.

दुसऱ्या सत्रात हवा जड होते. सगळे उभे आहेत, पुढच्याच्या डोक्यावरून बघताना टाचा दुखायला लागतात. व्हिलानोव्हाचा एड पिंकनी ईविंगसमोरून वळून चेंडू आत घालतो. ड्वेन मॅक्लेन घालतो. या सत्रात व्हिलानोव्हा फक्त 10 वेळा नेम धरणार आहे, त्यातले 9 आत.

तरीही शेवटची काही मिनिटं उरली असताना जॉर्जटाउन एका गुणानं पुढे जातं, आणि आता तेच वेळ काढायला बघतात. अंगावर धावून जाणाऱ्या संघाला ते मानवत नाही. एक पास त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागतो, चेंडू व्हिलानोव्हाकडे. पुन्हा पास, पुन्हा पास. चेंडू हॅरल्ड जेन्सनकडे येतो. दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा, बाकावरून उठून आलेला. समोर मोकळी जागा. क्षणभर थांबतो आणि उडी मारून सोडतो. जाळीचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, कारण काकांनी तुमचा दंड आवळलाय आणि दोघंही ओरडताय. 55-54. आज त्यानं पाच वेळा चेंडू टाकला, पाचही आत.

आता वेळ थांबवायला जॉर्जटाउनला फाउल करावेच लागतात. फ्री थ्रोच्या रेषेवर एकटा पोरगा, समोर हातवारे करणारी, किंचाळणारी भिंत. एकदा चेंडू जमिनीवर आपटतो, मनगट वळतं, आत. आज व्हिलानोव्हाला असे 27 फ्री थ्रो मिळाले, 22 साधले. जॉर्जटाउनला मिळाले अवघे 8. घाई न करणाऱ्याला हेही मिळतं.

दोन सेकंद. ड्वेन मॅक्लेन पडतो, पडल्या पडल्याच आत आलेला चेंडू झेलतो आणि दोन्ही हातांनी कवटाळतो. भोंगा. 66-64!

पॉपकॉर्नचा डबा हवेत गेलाय, तुमच्या केसांत लोणी लागलंय, घसा बसलाय. व्हिलानोव्हाचा सगळ्या सामन्याचा हिशोब: 28 नेम, 22 आत. खाली हरलेले जॉर्जटाउनचे खेळाडू थांबून विजेत्यांसाठी टाळ्या वाजवताहेत. निघायची घाई करू नका, विजेत्यांना बास्केटची जाळी कापायला शिडी येऊ द्या. पुढच्या मोसमापासून 45 सेकंदांचं घड्याळ लागणार आहे. इतका वेळ चेंडू धरून ठेवायची मुभा या पोरांनंतर कुणालाच मिळायची नाही.