शिष्यवृत्ती आणि विद्यार्थ्याचा वेळ



आपले विंचूर ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याच्या गावी, म्हणजे निफाडला, 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. न्यायमूर्ती म्हणून त्यांना सारेच ओळखतात; परंतु ते शिष्यवृत्तीवर शिकले, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांना 'दक्षिणा फेलो' म्हणून प्रथम दरमहा 60 व पुढे 120 रुपये मिळत. ही दक्षिणा म्हणजे मुळात पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटले जाणारे दान. इंग्रजी अंमलात त्याचा काही भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला.

त्या रुपयांनी रानड्यांना काय मिळाले? माझ्या मते, वेळ मिळाला. नोकरीच्या शोधात न जाता ते इतिहास व अर्थशास्त्र वाचीत बसले. इतके, की डोळे बिघडले. शिष्यवृत्तीला दोरीही असते, हे मात्र त्यांना कळून चुकले. मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करणारा निबंध लिहिला म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविली होती.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कला पाठविले. बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. पहिले काही महिने त्यांचेही मौजेत गेले, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे! नंतर मुदतीची जाणीव झाली आणि दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास सुरू झाला. जेवणात काटकसर करून ते घरी पैसे पाठवीत. पण अभ्यासाच्या तासांना त्यांनी कात्री लावली नाही. पुढे लंडनला असताना 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि तेथील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी ते 1920 साली पुन्हा गेले.

आपल्या समाजापुरते बोलायचे, तर मुसलमान विद्यार्थ्यांना खास शिष्यवृत्त्या द्याव्यात अशी शिफारस 1882 च्या हंटर आयोगाने केली होती. कोल्हापुरात 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. बोर्डिंगातील दोन वेळचे जेवण हीसुद्धा शिष्यवृत्तीच होय. परगावच्या मुलाचे खोली शोधण्यात आणि चूल फुंकण्यात जाणारे तास त्यामुळे वाचतात.

1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक 900 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांची फी माफ केली. ई.बी.सी. सवलत ती हीच. तिचे उपकार मोठे आहेत. तरी फी माफ झाली म्हणजे वेळ मिळतोच असे नाही. घरात चार पैसे आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला दुपारी कामावर जावेच लागते.

म्हणून, वाचकहो, एक प्रश्न विचारावासा वाटतो. शिष्यवृत्तीचा हप्ता घरात येतो, त्याच्या मोबदल्यात आपण मुलाचे किती तास मोकळे करतो? कांद्याच्या हंगामात बाजार भरला की दुकानावर, गाडीवर त्याला उभे करतोच ना? हप्ता वर्षअखेरीस आला, तर तो उसनवारी फेडण्यात जातो आणि गेलेले तास काही परत येत नाहीत. मुलींची स्थिती याहून अवघड. तिच्या नावावर रक्कम जमा होते. पण सकाळची भांडी, धाकट्यांची शाळा आणि संध्याकाळच्या भाकरी तिच्याकडेच राहतात. पैसे तिचे, वेळ मात्र घराचा!

निदान एवढे करता येईल. हप्ता येईल त्या दिवशी मुलाशी, मुलीशी बसून रोजचे दोन तास तिच्या-त्याच्या नावे ठरवून द्यावेत. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी व इतर कागदांसाठी जी धावपळ करावी लागते, ती घरातील वडीलधाऱ्यांनी करावी. तासिका बुडवून विद्यार्थ्याला निफाडला पाठवू नये.