वनस्पतींमधील पेप्टाइड संप्रेरके

संप्रेरक म्हटले की सर्वसामान्यांना प्रथम आठवते ते इन्सुलिन. ५१ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक म्हणजे एक छोटेखानी प्रथिनच. अशा प्रकारची संप्रेरके प्राण्यांपुरतीच मर्यादित असावीत, असा समज कित्येक दशके रूढ होता. वनस्पतींचा कारभार ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन या पाच लहान रेणूंवर चालतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. यांपैकी इथिलीन तर केळी पिकवणाऱ्यांच्याही परिचयाचे. या समजाला १९९१ साली तडा गेला, तो टोमॅटोच्या पानामुळे.

बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्याने टोमॅटोचे एक पान कुरतडले, की त्याच झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही कीटकांचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार होतात, असे क्लॅरेन्स रायन यांना १९७२ मध्ये आढळले होते. म्हणजे एका पानाची वार्ता दुसऱ्या पानाला कळत होती. हा निरोप्या शोधण्यासाठी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील रायन, ग्रेगरी पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांना जवळजवळ दोन दशके खपावे लागले. अखेर हाती लागले ते १८ अमिनो आम्लांचे ‘सिस्टेमिन’, वनस्पतींतील पहिले पेप्टाइड संप्रेरक. २०० अमिनो आम्लांच्या एका मोठ्या प्रथिनातून ते कापून निघते. ते सर्व झाडभर फिरते या कल्पनेने त्याचे बारसे झाले. पण पुढे कलमांवरील प्रयोगांत असे दिसले, की दूरचा प्रवास बहुधा जास्मोनिक आम्लाच्या वाट्याला येतो आणि सिस्टेमिन जखमेजवळ त्याची निर्मिती वाढवते. नाव मात्र तेच राहिले.

पेप्टाइडे पेशीपटलातून सहजी आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे त्यांचा निरोप पेशीच्या दारातच घेतला जातो. पटलात रुतलेल्या ग्राही प्रथिनाचा एक भाग बाहेर डोकावतो. त्यावर पेप्टाइड बसले, की आतील भाग फॉस्फेट जोडण्याचे काम सुरू करतो आणि साखळीने हा संदेश जनुकांपर्यंत पोहोचतो. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपट्यात अशा ग्राहींच्या घराण्याची सहाशेहून अधिक जनुके आहेत. त्यांतील अनेकांना बोलावणारे संप्रेरक कोणते, हे शोधणे अजून बाकी आहे.

वाढीच्या दृष्टीने सर्वाधिक अभ्यास झाला तो ‘क्लॅव्हाटा-३’चा. खोडाच्या टोकाशी विभाजी ऊतींचा एक सूक्ष्म घुमट असतो. त्यातील मूलपेशींपासून पाने, फुले, फांद्या घडतात. ‘वुशेल’ हे प्रथिन मूलपेशींची संख्या टिकवते. मूलपेशी क्लॅव्हाटा-३ बाहेर सोडतात आणि ते उलट वुशेललाच आवर घालते. मूलपेशी वाढल्या तर लगाम आवळला जातो, घटल्या तर सैल सुटतो. लगामच तुटला, तर घुमट फुगतो, फुलांत भाग अधिक येतात आणि शेंगा गदेसारख्या जाड होतात. लॅटिनमध्ये गदेला ‘क्लाव्हा’ म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले.

याचा पुरावा भाजीबाजारातही आहे. रानटी टोमॅटोच्या फळात सहसा दोनच कप्पे असतात, तर मोठ्या, खाचदार टोमॅटोत कितीतरी. क्लॅव्हाटा-३च्या जनुकाजवळ गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे हा लगाम सैल पडला, हे २०१५ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. पेप्टाइड हा शब्दही ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठी फळे निवडताना हाच बदल जोपासला होता.

इतरांची कामे निरनिराळी. १९९६ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठात शतावरीच्या कुळातील ॲस्परॅगसच्या पेशींतून मिळालेले फायटोसल्फोकाइन जेमतेम पाच अमिनो आम्लांचे. ते विरळ पेशींनाही विभाजनास प्रवृत्त करते. मुळांना नत्र कमी पडले, तर ‘सीईपी’ पेप्टाइडे ती तक्रार शेंड्याकडे नेतात. पाण्याची टंचाई भासली, तर मुळांतील ‘सीएलई-२५’ पानांपर्यंत जाऊन पर्णरंध्रे मिटवण्यास साह्य करते. हे २०१८ मध्ये उघड झाले. या भाषेची नक्कल शत्रूंनीही साधली आहे. सोयाबीनच्या मुळांवर जगणारे सूत्रकृमी वनस्पतीसारखीच पेप्टाइडे सोडून मुळाच्या पेशींना स्वतःचे अन्नकोठार उभारायला लावतात.

पर्णरंध्रे मिटवणे ही एक गोष्ट, मुळात ती किती असावीत हे ठरवणे दुसरी. हे काम ‘ईपीएफ’ पेप्टाइडांचे. आयआर-६४ या भाताच्या वाणात त्यांपैकी एकाचे प्रमाण वाढवल्यावर पर्णरंध्रे घटली आणि उगवणीनंतरच्या चौथ्या ते पाचव्या आठवड्यात रोपांनी नेहमीच्या सुमारे ६० टक्केच पाणी वापरले, असे ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठ आणि फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये दिसले. सुरुवातीला प्रकाशसंश्लेषण काहीसे मंदावले. तरी दाण्यांचे उत्पादन घटले नाही. अर्थात ही रोपे नियंत्रित वातावरणात वाढवलेली होती, पावसाच्या भरवशावरील शेतात नव्हे.