ऋतूवांचून आर्तव : दंडांतील कांडी व ऋतुकालाच्या नोंदी

गर्भधारणा टाळण्यासाठीं दंडाच्या त्वचेखालीं संप्रेरकयुक्त कांडी बसवितात. व्यवहारांत तिला ‘इम्प्लांट’ म्हणतात. या कांडीनें स्त्रीच्या मासिक ऋतुक्रमांत कोणता पालट होतो, आणि त्या पालटास आपल्या वैद्यकग्रंथांतील जुनीं नांवें लावणें कितपत योग्य आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. पोथ्या व दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु शब्दाचा अर्थ ठरविणें व अस्सल कागदाची पारख करणें हीं दोन्ही कामें येथें पडतात, आणि तीं आपलींच आहेत.

लेखास निमित्त झालेला कागद असा. आमच्या परिचयाच्या एका घरांतील सुनेनें अशी कांडी बसवून घेतली. पुढें पाळीचा मेळ सुटला. सासूबाईंनीं तिला ‘प्रदर’ झाल्याचें ठरविलें व पोथींतील आधार काढून द्यावा म्हणून आमच्याकडे पाठविलें. तिनें येतांना भिंतीवरील दिनदर्शिकेचीं सहा पानें आणलीं होतीं. त्यांवर तांबड्या पेन्सिलीनें दोन प्रकारच्या खुणा होत्या : स्राव वाहता असेल त्या दिवशीं चौकट, नुसता डाग दिसला तर टिंब. “गुरुजी, हें तुमच्या पोथ्यांत कोठें आहे काय?” एवढाच तिचा प्रश्न होता. ज्या दवाखान्यांत कांडी बसविली तेथें पाळी बदलेल असें कोणीं सांगितलें नव्हतें.

(१) शब्दविचार. ‘आर्तव’ हा शब्द ‘ऋतु’ शब्दास अण् प्रत्यय लागून सिद्ध होतो. ज्याचा ऋतु, म्हणजे नियत काल, प्राप्त झाला आहे तें आर्तव. कालाची नियतता हा या शब्दाचा प्राण आहे. चरकानें चिकित्सास्थानाच्या ३० व्या अध्यायांत शुद्ध आर्तवाचें लक्षण सांगतांना महिन्यानें येणें, पांच रात्री टिकणें, फार नसणें, अल्प नसणें आणि दाह व वेदना यांपासून मुक्त असणें, इतक्या अटी घातल्या आहेत. वाग्भट शारीरस्थानाच्या आरंभीं मासोमासीं तीन दिवस व वयाच्या १२ पासून ५० वर्षांपर्यंत अशी मर्यादा देतो. तीन व पांच हा भेद आहे. महिन्याविषयीं मात्र दोघांचें ऐकमत्य आहे.

या मर्यादेबाहेर गेलेल्या स्थितींस सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत दोन नांवें दिलीं आहेत. ऋतुकाल नसतांहि अतिप्रमाणांत वाहणारें तें ‘असृग्दर’. दोषांनीं मार्ग अडल्यामुळें न दिसणारें तें ‘नष्टार्तव’. असृग्दरासच लोकांत प्रदर म्हणतात. सासूबाईंचा आधार हा एवढाच. परंतु या दोन्ही नांवांच्या पोटांत कारण गृहीत आहे. असृग्दर कुपित दोषांचा, नष्टार्तव अडलेल्या मार्गाचा. कारण निराळें असेल तर बाह्य साम्यावरून नांव लावतां येणार नाहीं. म्हणून कांडीचें कार्य प्रथम पाहिलें पाहिजे.

(२) कांडीचा इतिहास. या कल्पनेचें मूळ बरेंच मागें जातें. इन्सब्रुक येथील लुडविग हाबरलांट यानें गाभण सशांचीं बीजांडकोशें दुसऱ्या माद्यांच्या त्वचेखालीं रोपून त्या माद्या कांहीं काळ गर्भधारणेस असमर्थ होतात, असें इ. स. १९२१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं आपलें संततिनियमनाचें केंद्र उघडलें, हा योगायोग मराठी वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एकाचा दुसऱ्याशीं संबंध नव्हता. पण १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकानें या विषयाची चर्चा मराठींत चालविली म्हणूनच आज असा लेख मराठींत लिहितां येतो.

इ. स. १९६४ मध्यें फोकमन व लाँग यांनीं सिलिकोन रबरांतून औषध मंदगतीनें बाहेर झिरपूं शकतें हें दाखविलें. तोच धागा धरून न्यूयॉर्क येथील पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेच्या शेल्डन सेगल व चिलीच्या ओरासिओ क्रोशाटो यांनीं संप्रेरकाच्या नळ्या सिद्ध केल्या. त्यांतून निघालेल्या ‘नॉरप्लांट’मध्यें ६ नळ्या, प्रत्येकींत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ३६ मिलिग्रॅम, व मुदत ५ वर्षें होती. फिनलंडनें त्यास १९८३ मध्यें व अमेरिकेनें डिसेंबर १९९० मध्यें मान्यता दिली; अमेरिकेच्या बाजारांतून तें २००२ मध्यें गेलें. पुढील ‘इम्प्लानॉन’ ही एकच कांडी : लांबी ४ सेंटिमीटर, इटोनोजेस्ट्रेल ६८ मिलिग्रॅम. ती १९९८ पासून निरनिराळ्या देशांत प्रचारांत आली.

नॉरप्लांट काढून टाकण्याच्या कारणांत रक्तस्रावाचा बिघाड अग्रभागीं होता. कांडी स्त्रीला आपल्या हातानें काढतां येत नाहीं. त्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें. म्हणूनच हिंदुस्थानांत व बांगलादेशांत स्त्रीसंघटनांनीं या साधनावर कठोर आक्षेप घेतले. बाईनें तक्रार सांगितली तर ती ऐकून घेतली जाईल काय, आणि काढून मागितली तर काढली जाईल काय, हा त्या आक्षेपांचा गाभा होता. तो आजहि जुना झालेला नाहीं.

(३) पालटाचें कारण. सामान्य ऋतुक्रमांत बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन चढतें, गर्भ न राहिल्यास उतरतें, आणि त्या उतारानंतर गर्भाशयाचें अस्तर गळून स्राव होतो. महिन्याचा नियम या चढउतारांतून येतो. कांडींतून प्रोजेस्टेरॉनसदृश द्रव्य अहोरात्र थोडथोडें झिरपत असतें. त्यामुळें बीज सुटणें थांबतें, गर्भाशयमुखाचा स्राव दाट होतो आणि अस्तर पातळ राहतें. चढ नाहीं म्हणून उतारहि नाहीं. उतार नाहीं म्हणून नेमलेला दिवस नाहीं. मात्र पातळ अस्तरांतील वरच्या रक्तवाहिन्या रुंद व नाजुक भिंतींच्या होतात आणि वेळीं अवेळीं फुटून डाग पडतो. कुपित दोष किंवा अडलेला मार्ग येथें नाहीं. येथें ऋतूच काढून घेतलेला आहे. ऋतूवांचून जें येतें त्यास आर्तव म्हणणें व्याकरणानेंच कठीण होतें.

(४) नोंदींची परीक्षा. असा अनियत स्राव मोजावा कसा? महिना हें माप येथें निरुपयोगी. म्हणून १९७६ मध्यें पुढें आलेल्या व १९८६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यांत पक्क्या झालेल्या पद्धतीनें ९० दिवसांचा एक खंड धरतात. खंडांत एकहि दिवस स्राव नसल्यास अनार्तव. एक किंवा दोन वेळां आल्यास विरल. पांचाहून अधिक वेळां आल्यास वारंवार. आणि एखादा स्राव १४ दिवसांहून अधिक चालल्यास दीर्घ. या सर्व गणनेचा मूळ आधार स्त्रीनें स्वतः रोजच्या रोज केलेली नोंद हाच असतो.

इम्प्लानॉनच्या ११ चाचण्यांतील ९२३ स्त्रियांच्या नोंदींचें एकत्र परीक्षण २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत खंडांपैकीं शेंकडा २२.२ अनार्तव, ३३.६ विरल, ६.७ वारंवार व १७.७ दीर्घ स्रावाचे आढळले. स्रावाच्या त्रासामुळें कांडी काढून घेणाऱ्या स्त्रिया शेंकडा ११.३ होत्या. म्हणजे स्राव कमी होणें हें अधिक सामान्य. पण जिच्या वांट्यास दीर्घ स्राव येतो तिला या सरासरीचा उपयोग काय? पहिल्या तीन महिन्यांचें वळण पुढील वळणाची बरीचशी सूचना देतें, आणि आरंभीं अनुकूल नसलेलें वळण पुढें सुधारण्याचा संभव असतो, असेंहि त्या परीक्षणांत दिसून आलें.

आतां आमच्या कागदाकडे वळूं. पहिल्या ९० दिवसांत ३४ खुणा, चार वेळां. त्यांतील एक सलग १७ दिवसांची. दुसऱ्या ९० दिवसांत ११ खुणा, दोन वेळां. चरकाच्या पांच रात्रींच्या मापानें तीन महिन्यांचे १५ दिवस होतात. म्हणजे पहिला खंड दुपटीहून अधिक व दीर्घ, दुसरा कमी व विरल. शिवाय त्या १७ दिवसांत चौकटी पांचच. बाकी बारा टिंबें. घरांत मात्र टिंब व चौकट यांत भेद केला गेला नाहीं. सतराहि दिवस सुनेला बाजूस बसविलें गेलें. नियत काल हाच ज्या आचाराचा पाया, तो नियत काल नाहींसा झाल्यावरहि आचार तसाच चालविला, हें आम्हांस त्या पानांवरून प्रथम कळलें.

(५) निर्णय. सबब ‘असृग्दर’ व ‘नष्टार्तव’ हीं नांवें या पालटास लावूं नयेत, असें आमचें मत आहे. हा केवळ शब्दाचा वाद नाहीं. नष्टार्तवावर सुश्रुत मासे, कुळीथ, तीळ, उडीद असा आहार सांगतो. कांडी दंडांत असतां कुळथानें ऋतु परत येणार नाहीं. उलट सर्व स्राव कांडीच्याच माथीं मारणेंहि चूक. स्राव फार झाला, पोटांत दुखूं लागलें, किंवा बरेच दिवस बसलेली घडी एकाएकीं मोडली, तर गर्भ, जंतुदोष वा अन्य व्याधि नाहीं ना, हें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें. दीर्घ स्राव आवरण्यास कांहीं दिवसांचीं औषधें आहेत. त्यांचा गुण पुष्कळदां तात्पुरता असतो. कांडी काढल्यावर द्रव्य थोड्याच दिवसांत शरीरांतून जातें व ऋतु परततो. सुनेची तपासणी झाली. व्याधि आढळली नाहीं. कांडी ठेवावी कीं काढावी हें तिचें तिनें ठरविलें. तें येथें नमूद करण्याचें कारण नाहीं.

तिच्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें तें असें कीं, हें पोथ्यांत नाहीं. तुझ्या पानांत आहे. सासूबाईंसहि तींच पानें समोर ठेवून टिंब व चौकट यांतील भेद समजावून दिला. त्यांनीं तीं पुष्कळ वेळ पाहिलीं.

केंद्र सरकारनें २०२३ पासून हें साधन निवडक जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून देण्यास आरंभ केला आहे. तेव्हां अशा नोंदी पुढें घरोघर होतील. आपण रुमालांत बांधलेलें दप्तर जपतों आणि वर्ष सरलें कीं भिंतीवरील दिनदर्शिका रद्दींत घालतों. संग्राहकांनीं यापुढें ती टाकण्यापूर्वीं एकदां चाळावी. मात्र अशा खुणा दिसल्यास जिच्या हातच्या त्या आहेत तिला विचारल्यावांचून तें पान संग्रहांत घेऊं नये, आणि दिलें तरी नांव नोंदूं नये. आम्हीं पाहिलेलीं सहा पानें त्याच दिवशीं परत केलीं आहेत.