एकशेवीस तास

यंदा भाची कॉलेजात गेली. परवा तिचा फोन आला, "मामा, एनएसएस घेऊ का? क्रेडिट मिळतात म्हणे." मी लगेच "घे" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात चक्र सुरू झालं. आमच्या वेळी क्रेडिट नव्हते, पण निकालाच्या वेळी जादा दहा गुण मिळायचे आणि निम्मी पोरं त्यासाठीच नाव घालायची. सेवा करायची ती गुणांसाठी? आणि गुण नसतील तर कोण येणार? हा वाद आमच्या पिढीचाही नाही, त्याच्याही आधीचा आहे. जरा वाचत गेलो तर त्यात आपला एक मराठी माणूसही भेटला, म्हणून हे लिहितोय.

विद्यार्थ्यांनी स्वखुशीने समाजसेवा करावी ही शिफारस डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्येच केली होती. पहिल्या पंचवार्षिक योजनेतही विद्यार्थ्यांनी वर्षभर श्रम आणि सेवा करावी असा विचार होता. पुढे काही श्रमशिबिरं भरली, पण सगळं तुटक तुटक. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारलं की पदवी देण्याआधी समाजसेवेची अट घातली तर कसं? झालं, १९५९ मध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख.

चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या समितीची शिफारस वाचून मी उडालोच. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करायची! त्यात थोडं लष्करी शिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य ज्ञान. विचार करा, बारा महिने घमेलं उचलल्याशिवाय कॉलेजचं तोंड बघायचं नाही.

ते काही झालं नाही. खर्च परवडणारा नव्हता आणि राबवणार कसं हाही प्रश्न होता. मग के. जी. सैयदैन यांना इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांनी १९६० मध्ये सांगितलं की सक्ती नको, स्वेच्छेने होऊ द्या.

पण सक्तीचा मोह असा सुटत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली. आमचे एक काका त्या काळातले. परेड चुकवण्यासाठी कुणाचा पाय कधी मुरगळायचा याच्या सुरस कथा ते अजून सांगतात. ती सक्ती काही वर्षांतच सैल झाली. कोठारी आयोगानेही विद्यार्थ्यांना समाजसेवेशी जोडा म्हणून सांगितलं होतं. १९६७ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत तोडगा निघाला की ज्याला एनसीसी नको त्याला राष्ट्रीय सेवा योजनेचा पर्याय असावा. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक. चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास तयार! ब्रीद 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी'.

चिंतामणरावांच्या नऊ-बारा महिन्यांतून उरले ते वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक निवासी शिबीर.

खूप कमी वाटतं ना? पण या तासांनी कामं केली आहेत. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सुकडी, खडी फोडणं, मैलोन् मैल पाण्यासाठी जाणं. त्या काळात, १९७३ मध्ये, देशभरातल्या रासेयो शिबिरांचा विषयच 'दुष्काळाविरुद्ध युवक' असा होता. पुढच्या वर्षांत घाण आणि रोगराई, मग वृक्षारोपण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. आमच्या कॉलेजातली वरच्या वर्गातली मुलं तिथे गेली होती. परत आल्यावर त्यातला एक जण कितीतरी दिवस कुणाशी नीट बोलत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सेवा करणाऱ्याचंही काहीतरी होतं.

माझं स्वतःचं शिबीर मात्र साधं. डिसेंबरची थंडी, शाळेच्या दोन खोल्या, दहा दिवस. पहाटे प्रभातफेरी, मग टिकाव-फावडं, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी पथनाट्य. आम्ही ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला आणि सात-आठ शोषखड्डे खणले. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले, तेव्हा शेजारच्या आजींनी हळद-तेल लावून दिलं. माझा खड्डा बघून त्या म्हणाल्या, "पोरा, पाणी उताराकडं जातंय, तू चढाला खणतोयस." आम्हाला बौद्धिकात जे कुणी शिकवलं नाही ते त्यांनी एका वाक्यात शिकवलं. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या साली येणार का रं?" आम्ही सगळे जोरात "हो" म्हणालो. पुढच्या वर्षी कॉलेजने दुसरं गाव घेतलं. त्या बंधाऱ्याचं काय झालं ते कुणी बघायला गेलं नाही.

या गावांना 'दत्तक गाव' म्हणतात. मला राहून राहून हा शब्द खटकतो. आम्हा साठ-सत्तर मुलांना दहा दिवस पाणी दिलं, ताक दिलं, फोडांवर हळद लावली त्यांनी. मग कोणी कोणाला दत्तक घेतलं? आणि दत्तक घेतलेलं कुणी दहा दिवसांत सोडून देतं का?

म्हणून मला आता वाटतं की सक्ती की स्वेच्छा, गुण की बिनगुण हा वाद अर्धाच आहे. गुणांसाठी आलेली मुलंही खड्डा खणताना बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वेच्छेने आलेलीही फोटोपुरती थांबतात, तेही पाहिलंय. फरक पडतो तो परत जाण्याने. बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला दर मे महिन्यात मुलं त्याच मातीत जात राहिली, म्हणून तिथून आयुष्यभराचे कार्यकर्ते निघाले. चिंतामणरावांचं वर्षभर सक्तीचं होतं हे खरं, पण एक गोष्ट त्यांना बरोबर दिसली होती. माणसं समजायला वेळ लागतो.

असो. भाचीला परत फोन केला आणि सांगितलं, क्रेडिट जरूर घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ज्या गावात शिबीर होईल तिथल्या एका तरी घराचं नाव लक्षात ठेव, आणि पुढच्या पावसाळ्यात, कॉलेजची बस नसताना, एसटीने जाऊन ये. ते तास कुठल्याही वहीत भरले जाणार नाहीत.