दुपार कोणाच्या हातात? बीड जिल्ह्यातील उन्हाचा एक इतिहास

दुष्काळावर लिहायचे म्हटले की कागद मिळतात. आणेवारीचे तक्ते असतात, तगाईच्या नोंदी असतात, छावण्यांचे आणि टँकरचे हिशेब असतात. उन्हावर लिहायला बसले की दप्तर गप्प होते. बीड जिल्ह्यातील जुन्या विहिरी, बारवा आणि माळवदाची घरे यांच्या नोंदी मी गेली वीस-बावीस वर्षे नोकरी सांभाळून करतो आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण माझे नाही. गावोगाव फिरणे, विचारणे आणि मिळेल ते वाचणे एवढीच शिदोरी. या फिरण्यात एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे उन्हाचा बंदोबस्त कागदावर झालाच नाही. तो घराच्या छतात, पाण्याच्या ठिकाणी आणि कामाच्या वेळेत झाला. म्हणून उन्हाचा इतिहास या तीन ठिकाणी शोधावा लागतो. आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारावा लागतो: भर दुपारी कोणाला सावलीत बसता येत होते आणि कोणाला नाही?

तापाचा रकाना

आधी दप्तर गप्प का, ते पाहू. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या ६,४२,७२२ होती. १९०१ मध्ये ती ४,९२,२५८ भरली. दहा वर्षांत दीड लाखाहून अधिक माणूस कमी झाला. मधे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ होऊन गेला होता. काही लोक गाव सोडून गेले, पुष्कळ मेले. भूक, पटकी आणि ताप ही त्याची कारणे म्हणून सांगितली जातात. त्या काळी शेजारच्या ब्रिटिश मुलखात मृत्यूची नोंद ठरावीक रकान्यांत होई: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, आणि उरलेले सगळे ‘इतर’. यांतला तापाचा रकाना सर्वांत ऐसपैस. अंग तापून जो गेला तो तापाने गेला. मग ते हिवताप असो, विषमज्वर असो की उष्माघात. उपाशी, अशक्त माणूस वैशाखात रस्त्याच्या कडेला कोसळला, तर तो कोणत्या रकान्यात गेला असेल, हे वाचकाने ताडावे.

आजही यात फारसा फरक पडलेला नाही. उन्हात काम करताना छातीत कळ येऊन माणूस जातो, तेव्हा कागदावर हृदयविकार लागतो. मूत्रपिंडे निकामी झाली तर तो आजार लागतो. ऊन मागे राहून मारते आणि नाव दुसऱ्याचे येते.

माळवद आणि पत्रा

बालाघाटच्या डोंगररांगेने आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. खाली गोदावरीच्या काठची गंगथडी, वर डोंगरपठार. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस बेताचा आणि मार्च ते जून आभाळ मोकळे. अशा मुलखात जुने घर म्हणजे माळवद. जाड दगडी किंवा मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया-कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर गावच्या पांढरीची माती वीतभर किंवा त्याहून जाड. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून ती चोपायची.

या छताचे गणित साधे आहे. माती सावकाश तापते. दुपारचे ऊन छत भेदून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातली माणसे अंथरूण घेऊन त्याच माळवदावर झोपायला गेलेली असतात. दिवसा घर छताखाली, रात्री छतावर. खिडक्या लहान, त्या उंचावर, आणि दुपारी बंद. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर ती आत घेण्यात शहाणपण नाही, हे त्या घराला ठाऊक होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे गेली, ती बहुतांशी याच जड भिंतींखाली आणि मातीच्या छताखाली. त्यानंतर आमच्याही भागात लोकांनी माळवदे उतरवली. कोणी स्लॅब टाकला, ज्यांना ते झेपले नाही त्यांनी पत्रे टाकले. तो निर्णय भीतीचा होता आणि ती भीती खरी होती. माळवदाचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही. मात्र पत्रा तासाभरात तापतो आणि खाली ती उष्णता ओकत राहतो. भूकंपापासून सुटलेले घर उन्हाच्या तावडीत सापडले. या घरांवर कडबा, पाचट किंवा गोणपाट पसरणे, चुन्याचा पांढरा हात मारणे हे उपाय लोकांनी स्वतःच काढले आहेत. पांढरा रंग ऊन परतवतो, पाचट त्याला अडवते. मात्र कडबा-पाचट पसरल्यावर चूल आणि विजेच्या तारा त्यापासून लांब हव्यात.

पाणी कोणाचे?

बीड शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. राजा भास्कर हा तिचा कारागीर. मोट नाही, रहाट नाही. उताराचा हिशेब साधून जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी शेतांकडे सोडलेले. पुढे मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरी खोदल्या त्याही अशाच जमिनीच्या पोटातून. या कामांकडे आपण फक्त सिंचन म्हणून पाहतो. माझ्या मते ती उन्हाशी केलेली तडजोडही आहे. उघड्या पाटातले पाणी वैशाखात डोळ्यांदेखत आटते. झाकलेल्या पाण्याला ऊन लागत नाही.

गावातही चैत्र लागला की पाणपोया लागत. रांजण ओल्या वाळूत बसवायचा, भोवती ओले फडके गुंडाळायचे. वेशीत, वडाखाली, बाजाराच्या वाटेवर. पुण्यकर्म म्हणून हे होई. पण या पुण्याला जात होती. अनेक ठिकाणी दलितांना रांजणाला हात लावता येत नसे. वाढणाऱ्याने वरून धार धरायची आणि त्यांनी ओंजळीने प्यायचे. विहिरीवर तर कोणी सवर्ण येऊन पाणी वाढीपर्यंत बायकांना घागर घेऊन उन्हात बसावे लागे. आणि दुपारच्या उन्हात राबणारेही बहुधा हेच लोक. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. उन्हाचा अभ्यास करणाऱ्याला त्या घटनेत आणखी एक गोष्ट दिसते: उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्यावरचा हक्क म्हणजे जगण्यावरचा हक्क.

मोटेची वेळ आणि मस्टरची वेळ

शेतीच्या जुन्या कामाला स्वतःचे घड्याळ होते. मोट पहाटे जुंपायची आणि ऊन चढले की सोडायची, कारण बैल उन्हात टिकत नाही. बैल सुटला की माणूसही सुटे. त्या अर्थाने गड्याची दुपार बैलाने वाचवली. न्याहारीला ताक, दुपारी आंबील, कांदा-भाकरी, कैरीचे पन्हे, या सगळ्यांतून घामाबरोबर गेलेले पाणी आणि मीठ परत येई. खिशातला किंवा टोपीखालचा कांदा मात्र उष्माघात टाळत नाही. कांदा खाल्लेला बरा.

हे घड्याळ मोठ्या प्रमाणावर मोडले ते दुष्काळी कामांवर. १९७२ चा पाऊस गेला आणि सरकारने गावोगाव कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. या कामांनी माणसे भुकेने मरू दिली नाहीत, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, ज्याचा देशाने कित्ता गिरवला. ते श्रेय पूर्ण दिले पाहिजे. पण महिना पाहा. सर्वांत जास्त माणूस उघड्या माळावर दगड फोडत होता तो मे महिन्यात.

त्या कामांवर गेलेल्या आष्टी, पाटोदा, गेवराई भागातल्या बऱ्याच बायकांशी मी बोललो आहे. सुकडी आणि मिलो सगळ्यांना आठवते. उन्हाचे विचारले की आधी हसतात, मग सांगतात. तान्ही मुले झोळीत, झोळी बाभळीला, आणि सावली सरकली की झोळीही सरकवायची. काम मापावर होते, म्हणून काही टोळ्या चांदण्यात खडी फोडून दुपारी पडून राहत. जिथे मुकादम हजेरी दुपारी घेई तिथे ती सोय नव्हती. मजुरी सारखीच, माळ सारखाच; फरक एका हजेरीच्या वेळेचा.

तोच प्रश्न ऊसतोडीला लागू होतो. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून लाखो कोयते कारखान्यांकडे जातात. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलचे ऊन फडातच गाठते. उचल आधीच घेतलेली, टनावर मजुरी, राहायला कोपी. थांबणे म्हणजे पैसे बुडवणे. अशा माणसाला ‘दुपारी बाहेर पडू नका’ हे सांगून काय उपयोग?

आता काय?

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले. त्यांनी फक्त एवढे केले, की त्या महिन्यातले एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. कारण काय लिहिले आहे यावर विसंबले नाहीत. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा निघाला आणि पुढे महाराष्ट्रानेही ती वाट धरली. हवामान खाते सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला की लाट जाहीर करते. पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात १४ जण दगावले तेव्हा पारा चाळिशीच्या आत होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये. घाम येऊनही अंग तापतच राहिले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

बाकीचे काम गावाने करायचे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, ही आपल्याकडची उन्हाला दिलेली जुनी मान्यता आहे. मग रोजगार हमीचे मस्टर सकाळचे का नको? २००५ च्या कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी हा मजुराचा हक्क ठरवला. ग्रामसभेत तो मागता येतो. पत्र्याच्या घरांची आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी फाल्गुनातच करता येते. तोडीवरून परतलेल्या कुटुंबांची नावे त्यात आधी घालावीत.

आणि एक मागणी संशोधक म्हणून. मार्च ते जून या काळात गावात जो कोणी जाईल, त्याची एक ओळ शाळेच्या वहीत का होईना लिहून ठेवा: तारीख, वेळ, वय, काय काम करत होता, घराचे छत कशाचे होते. दहा गावांनी दहा उन्हाळे एवढे केले, तर १९०१ साली कोणाला सांगता आले नाही ते पुढच्या पिढीला आकड्यांत सांगता येईल.