वीर्य आणि थकलेले शरीर

संगमेश्वर परिसरातील उपासकांना बाबासाहेब परके नाहीत. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. त्यांच्या धैर्याचा गौरव आपण करतो. ते धैर्य कोणत्या देहाने पेलले, हे मात्र क्वचितच पाहतो.

१९५१ पासून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन चालले, तेव्हा मधुमेह व अधू होणारी दृष्टी यांनी त्यांना ग्रासले होते. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, नोव्हेंबरात काठमांडूला भाषण झाले आणि ५ डिसेंबरच्या रात्रीही ग्रंथाचे काम सुरूच होते. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण झाले.

हे बळ केवळ हट्टाचे नव्हते. पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेचा दृष्टांत दिला : तार फार ताणू नये, सैलही सोडू नये. १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या आजाराचा उल्लेख करून माईसाहेब व डॉ. मालवणकर यांचे ऋण मान्य केले. १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात मात्र ती प्रस्तावना नव्हती. आधार घेणे ही वीर्याची उणीव नव्हे, असे आम्ही मानतो. तो आधार विसरणे ही इतिहासाची उणीव होय.