पक्षाघातोत्तर जीवनशैली साहाय्य, दूरस्थ
पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्या व्यक्तीला फोन, संदेश वा व्हिडिओ कॉलवरून घरबसल्या मिळणारे आहार, व्यायाम व वजन-नियंत्रणाचे मार्गदर्शन. दवाखान्यापर्यंतचा प्रवासच ज्यांना जड जातो, त्यांची यामुळे मोठी सोय होते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाने ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल ही उद्दिष्टे ठेवली होती. त्यावर आधारलेला ‘ग्रुप लाइफस्टाइल बॅलन्स’ हा अभ्यासक्रम पुढे डॅलस येथे पक्षाघातग्रस्तांसाठी बेतला गेला. एक हात लुळा असला की भाजी चिरण्यापासून जेवणाची नोंद ठेवण्यापर्यंत सारेच अडते. म्हणून स्वयंपाक करणारी घरची व्यक्ती मार्गदर्शनात हवीच. चालता न येणाऱ्यांना खुर्चीत बसून व्यायाम सुचवतात.

भारतातील ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत ३१ केंद्रांतील ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ भाषांतून संदेश, चित्रफिती व कार्यपुस्तिका दिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुन्हा झटका, हृदयविकार व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण वर्षभरात घटले नाही. मात्र औषधे नियमित घेणे वाढले, धूम्रपान व मद्यपानाच्या सवयीही सुधारल्या. हा लाभ किरकोळ मानता येणार नाही.